अठरा तारखेचं पान

शुभांगण सोसायटीच्या गच्चीवर चार पायांची एक पांढरी लाकडी पेटी उभी होती, चारही अंगांना झडपा असलेली. पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटलं, सुधीररावांनी कबुतरं पाळायला काढली. सेक्रेटरीने नोटीसबोर्डावर 'गच्चीवर पशुपक्षी पाळण्यास सक्त मनाई आहे' असा कागदही डकवला. मग एका रविवारी सुधीररावांनी अख्ख्या कमिटीला वर नेलं आणि पेटी उघडून दाखवली. आत कमाल-किमान तापमापक, शेजारी एक ओल्या फडक्यातला आणि एक कोरडा असे आणखी दोन. बाहेर सिमेंटच्या ओट्यावर पाऊस धरायचं पितळी नसराळं आणि त्याच्याखाली बाटली. कमिटीने माना डोलावल्या आणि चहा पिऊन खाली उतरली. कागद मात्र काढायचा राहिला, तो पुढे कितीतरी वर्षं तिथेच होता.

सुधीरराव रबाळ्याच्या एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. हवामान खात्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण चौऱ्याऐंशी साली गिरगावातली दीड खोली सोडून वाशीला आले आणि डोक्यावर एवढं मोठं आभाळ पहिल्यांदाच मिळालं. मिळालेली वस्तू मोजून घ्यावी, हा प्रयोगशाळेतल्या माणसाचा स्वभाव. त्यांनी एकेक यंत्र जमवलं, वही आखली आणि सोसायटीत 'हवामानवाले' झाले.

आता गंमत अशी, की वही सुधीररावांची, अक्षर सुधीररावांचं, मान सुधीररावांना; आणि मोजायची त्यांची बायको, जयमाला. कारण निरीक्षणाची वेळ सकाळी साडेआठ, आणि कारखान्याची बस पावणेआठला चौकातून सुटायची. रविवार आणि सणवार सोडले तर अकरा वर्षं रोज साडेआठला जो माणूस गच्चीवर गेला तो म्हणजे जयमाला. ती भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडायची, वर जायची, पानाच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलने आकडे लिहायची, बाटली ओतून रिकामी करायची, आणि खाली येऊन पान खिळ्याला टोचायची. संध्याकाळी सुधीरराव चहाचा कप घेऊन बसत आणि पानावरचे आकडे शाईने वहीत उतरवत. मग पान चुरगाळून टाकून देत.

दोन नियम होते. पहिला तारखेचा. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस त्या दिवसाच्या तारखेला मांडायचा, मग तो पडलेला आदल्या संध्याकाळी का असेना. पाहुणे आले की सुधीरराव हे मोठ्या हौसेने समजावत. पाहुणे म्हणत, "पण पडला काल!" आणि सुधीरराव म्हणत, "मोजला आज." दुसरा नियम वेळेचा. पाऊस लागला की घड्याळ बघून सुरू झाल्याची वेळ टिपायची. संध्याकाळचा असेल तर कॅलेंडरवर सकाळपासून वर आलेलं दुसऱ्या दिवसाचं पान उचलून त्याच्या पाठीवर. ऐकायला हे सगळं रूक्ष आहे, मला कबूल आहे. पण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे, तेव्हा लक्षात ठेवलेलं बरं.

त्यांना केयूर नावाचा एकुलता एक मुलगा होता. चोवीस वर्षांचा, तुर्भ्याच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. सतरा जुलै एकोणीसशे पंच्याण्णव, सोमवार, या दिवशी संध्याकाळी आठच्या सुमारास मार्केटच्या मागच्या रस्त्यावर, घरापासून दीड किलोमीटरवर, त्याची स्कूटर एका टेम्पोखाली आली. इस्पितळात नेईपर्यंत तो गेला होता. टेम्पो चालवणारा धर्मराज नावाचा साताऱ्याकडचा माणूस होता. तो पळून गेला नाही. त्यानेच केयूरला उचलून रिक्षात घातलं.

त्या दिवशी रबाळ्यात एक बॅच अडकली म्हणून सुधीरराव कारखान्यातच थांबले होते. निरोप मिळून कंपनीच्या जीपने ते इस्पितळात पोचायला पावणेदहा वाजले. रबाळ्यात थेंबही पडलेला नव्हता. वाशीत तोवर पाऊस येऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी, अठराला सकाळी, सुधीरराव इस्पितळात शवविच्छेदनासाठी थांबलेले. घरात बायका जमल्या होत्या. कोणी जयमालाच्या पाठीवर हात ठेवत होतं, कोणी तिला रडायला सांगत होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. घड्याळाचा काटा साडेआठवर आला तशी ती उठली, कॅलेंडरचं पान फाडलं आणि जिना चढायला लागली. शेजारच्या अरुणाबाई घाबरून मागोमाग निघाल्या. त्यांना वाटलं, ही आता उडी टाकते. गच्चीच्या दारातून त्यांनी वाकून पाहिलं, तर जयमाला ओट्याशी पाठमोरी उकिडवी बसलेली. एकटीला रडू द्यावं, म्हणून बिचाऱ्या दारातच थांबल्या.

जयमाला रडत नव्हती. तिने मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरलं होतं. पात्र दोनदा भरलं आणि तिसऱ्यांदा थोडं. एक्केचाळीस पूर्णांक सहा मिलिमीटर. तिने ते लिहिलं. बाटली ओतली, झटकली, परत बसवली. किमान तापमान वाचलं, ओल्या फडक्यातल्या तापमापकाखालची पाण्याची वाटी भरली, पेटीची कडी लावली. या सगळ्या वेळात तिला काहीही वाटलं नाही. मुलगा गेला हे तिला माहीत होतं, जसं किमान तापमान चोवीस पूर्णांक दोन आहे हे माहीत होतं.

खाली आल्यावर मात्र ते पान तिने खिळ्याला टोचलं नाही. घडी करून शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या तळाशी सरकवलं.

एकोणीसला सुधीरराव घरी होते. साडेआठला ते स्वतः उठून गच्चीवर गेले. आल्यावर वहीत लिहिलं: एकोणीस जुलै, तीन पूर्णांक दोन. त्याच्या वरची ओळ होती अठरा जुलैची. तिच्यात त्यांनी लिहिलं: निरीक्षण नाही.

चार दिवसांनी जयमालाने ती वही पाहिली आणि तिला सगळं कळलं. आदल्या दिवशी बाटली कोणी ओतलीच नसती, तर एकोणीसला तीन पूर्णांक दोन निघालं नसतं. दोन्ही दिवसांचं मिळून चव्वेचाळीस पूर्णांक आठ निघालं असतं. दशांशातली चूक उलट्या बाजूने वाचून पकडणारा माणूस हा. त्याला हे समजलं नाही, असं होणं शक्य नव्हतं. अठराला कोणीतरी वर गेलं होतं हे सुधीररावांना माहीत होतं, आणि वर जाणारं घरात एकच माणूस होतं. त्यांनी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

त्यानंतरचं वर्ष सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. दुःखाने माणूस भ्रमिष्ट होतो म्हणतात. जयमाला नेमकी झाली. दूध उतू गेलं नाही, साडेआठची वेळ एकदाही चुकली नाही, दिवाळीत आकाशकंदील लागला नाही इतकंच. सोसायटीत बायका कुजबुजत: बाई दगडाच्या आहेत, पोटचं पोर गेलं तरी डोळ्यांत टिपूस नाही. अरुणाबाई तेवढ्या तिच्या बाजूने भांडत. "गच्चीवर जाऊन रडल्या त्या. मी सोताच्या डोळ्यांनी पाहिलंय," असं त्या ठणकावून सांगत. जयमाला ते ऐके आणि खोडून काढत नसे. लोकांनी तिला दगड म्हटलं तरी तिचं काही बिघडत नव्हतं. अरुणाबाईंचं बोलणं मात्र तिला आत कुठेतरी टोचायचं.

त्या घडी केलेल्या पानावर दोन गोष्टी होत्या. खाली एक्केचाळीस पूर्णांक सहा. त्याची तिला लाज वाटायची. आणि वर, आदल्या संध्याकाळी लिहिलेलं: सुरू ७.२०. त्याची तिला भीती वाटायची. कारण भिंतीवरचं घड्याळ फोनच्या बरोब्बर वर होतं. सात वीसला तिने खिडकीतून पाऊस पाहिला, घड्याळ पाहिलं, वेळ टिपली आणि भाजी लागू नये म्हणून आत गेली. केयूर पावणेआठपर्यंत ऑफिसात असायचा. थांब जरा, पाऊस जाऊ दे, एवढं सांगायला एक मिनिट पुरलं असतं. हे तिने सुधीररावांनाही सांगितलं नव्हतं.

आणि मग केस उभी राहिली. धर्मराजवर आरोप होता, भरधाव आणि निष्काळजीपणे टेम्पो चालवून माणूस मारल्याचा. त्याचं म्हणणं एकच होतं: पाऊस मुसळधार होता, टेम्पो हळू होता, स्कूटर माझ्यासमोर घसरली. पंचनामा दुसऱ्या दिवशी दुपारी झाला होता. तोवर ऊन पडून रस्ता वाळला होता, आणि पंचनाम्यात तसंच आलं: रस्ता कोरडा. एका पानवाल्याने साक्ष दिली की त्या संध्याकाळी पाऊस नव्हता. मुंबईच्या सरकारी नोंदीत त्या रात्री किरकोळ सरी होत्या. पण वाशीत कोसळतं तेव्हा मुंबईत ऊन असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा सगळं येऊन अडलं ते वाशीतल्या पावसावर. आणि वाशीत पाऊस मोजणारं घर एकच होतं.

सुधीरराव स्वतःहून वही घेऊन साक्षीला गेले. शहाण्णवचा सप्टेंबर होता. जयमाला मागच्या बाकावर बसली होती.

"सतरा जुलैची नोंद काय आहे?" सरकारी वकिलाने विचारलं.

"शून्य पूर्णांक शून्य," सुधीरराव म्हणाले.

आरोपीचा वकील तरुण होता, सरकारने नेमून दिलेला. त्याने वही हातात घेऊन पान चाळलं. "अठराची नोंद नाही?"

"नाही. त्या दिवशी आमचा मुलगा इस्पितळात होता."

वकिलाने मान खाली घातली आणि वही परत दिली. सतराच्या आकड्यात सोळाचा पाऊस असतो, सतराच्या संध्याकाळचा नसतो, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. येणार कुठून? सुधीररावांनी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. खऱ्या आकड्यांनी त्यांनी खोटं उभं केलं होतं, आणि ते समजणारं त्या खोलीत दुसरं एकच माणूस होतं. जयमाला त्यांच्याबरोबर बसने घरी आली. वाटेत त्यांनी मार्केटातून पालेभाजी घेतली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी दार वाजलं. दारात पस्तिशीची एक उंच बाई उभी होती, हातांच्या बोटांना कांद्याच्या सालीचा रंग चढलेला.

"मी प्रेमला. धर्मराजची मालकीन," ती म्हणाली. "कांदा निवडाया असते मार्केटात. ताई, तुमच्याकडं पाऊस मोजायचं भांडं हाय म्हनं. मला बगायचंय."

जयमालाला दार लावून घेता आलं असतं. पण साडेआठला पाच मिनिटं कमी होती आणि तिला वर जायचंच होतं. "या," ती म्हणाली.

गच्चीवर प्रेमला पेटीभोवती एक चक्कर मारून आली. जयमालाने नसराळं काढलं, बाटली काढली, मोजपात्रात पाणी ओतलं. "दोन पूर्णांक चार," ती म्हणाली आणि पानावर लिहिलं.

"ही आजची तारीक," प्रेमला पानाकडे बघत म्हणाली. "पन पाऊस तर काल सांजला झाला. मी भिजले की."

"सकाळी मोजतात तीच तारीख धरायची. नियम आहे."

"आमच्या मार्केटात बी तसंच हाय. गाडी सांजच्याला लागली तरी तिचा माल दुसऱ्या दिसाच्या आवकंत धरत्यात. सतराच्या रातीची गाडी, तर माल अठराचा." एवढं बोलून प्रेमला थांबली. मग सावकाश म्हणाली, "मंजी सतराच्या सांजचा पाऊस तुमच्या वहीत अठराला."

"हो."

"आन अठराला लिवलंच न्हाई."

"नाही."

दोन वकील आणि एक न्यायाधीश यांना जे सुचलं नाही ते कांदे निवडणाऱ्या बाईने चार वाक्यांत सोडवलं. यात आश्चर्य करण्याजोगंही काही नव्हतं. तिचा जन्म त्या हिशेबात चालला होता.

"पन भांडं तर कुनीतरी वतलं आसंलच की, ताई," प्रेमला म्हणाली. "त्या सकाळी."

"मला माहीत नाही," जयमाला म्हणाली.

अकरा वर्षांत तिने एक दशांशही इकडचा तिकडे केला नव्हता. हे तिचं पहिलं खोटं, आणि ते ऐकू येईल इतकं वाईट जमलं होतं. प्रेमलाने वाद घातला नाही. ती कठड्याला हात टेकून मार्केटच्या दिशेला बघत राहिली.

"त्या सांजला आमी कांद्यावर ताडपत्री वढत व्हतो," ती म्हणाली. "पानी एवडं, की माजी एक चप्पल गटारात ग्येली. वकिलाला सांगितलं, तर ते म्हनले, नवऱ्यासाटी बायकू बोलनारच. तुमचा पोरगा ग्येला, ताई. आमच्या मालकांची चुकी न्हवतीच, आसं मी म्हनत न्हाई. मी व्हते का तितं? पन पाऊस व्हता."

"तुरुंगात जातील का ते?" जयमालाने विचारलं.

"वकील म्हनतो, वरीस-दीड वरीस. ते आत्ताच ग्येल्यागत हायती. टेम्पो सुटला तवापासनं हमाली करत्यात, जेवत्यात, भिंतीकडं त्वांड करून पडत्यात. बोलत न्हाईत." पदर सावरून ती जिन्याकडे वळली. "येते. कामावर खाडा हुतोय."

जयमालाने बाटली परत बसवली, पेटीची कडी लावली. जेवणं, पडणं, न बोलणं. प्रेमलाने सांगितलं ते तिला अगदी ओळखीचं वाटलं. आपल्या घरापासून दीड किलोमीटरवर आणखी एक असंच घर आहे, आणि त्याची किल्ली आपल्या शिवणयंत्राच्या खणात आहे, हे त्या सकाळी तिला टाळता येईना. केयूर कशाने गेला हे तिला माहीत नव्हतं. टेम्पोचा वेग तिला माहीत नव्हता. पावसाचं मात्र तिला माहीत होतं.

संध्याकाळी सुधीरराव चहाला बसले तेव्हा तिने त्या दिवसाच्या पानाबरोबर दुसरं पान त्यांच्यासमोर ठेवलं. घडीवर ते पिवळं पडलं होतं. सुधीररावांनी चष्मा लावला, पान वाचलं, उलटून तारीख पाहिली. चहावर साय धरली.

"कुठे होतं हे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मशीनच्या खणात."

"मला वाटलं होतं, तू मोजलं नसशील. नुसतं ओतून दिलं असशील. रागाने."

"राग नव्हता आला."

"मग काय आलं होतं?"

"काहीच नाही. साडेआठ वाजले होते," जयमाला म्हणाली. "लाज वाटते मला त्याची. पण तसंच झालं."

सुधीररावांनी मान हलवली. त्यांनी ओरडावं, काहीतरी फेकावं, असं तिला वाटत होतं. ते पानावरची घडी अंगठ्याने सरळ करत राहिले.

"कोर्टात मी एक आकडा खोटा सांगितला नाही," ते म्हणाले.

"नाही सांगितलात."

"पावसावर कुणी केस करतं का, जयमाला?" त्यांनी विचारलं. "समोर कुणीतरी लागतं ना. तारखेला त्या माणसाला पिंजऱ्यात उभा बघतो तेवढा वेळ मला आपण जिवंत आहोत असं वाटतं. तारीख असली की मी दाढी करतो. बाकी दिवस मला हात उचलवत नाही. तो सुटला तर मी काय करू?"

त्यांच्या गालावर आठ दिवसांचे पांढरे खुंट होते, आणि ती रोज समोर बसून जेवत असूनही ते तिला आत्ता दिसले. तिला त्यांची कीव आली. कीव आली, म्हणजे काहीतरी आलं, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"तुम्ही काय कराल ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण हे पान मी त्यांच्या वकिलाला देणार आहे."

सुधीररावांचं बोट पानाच्या वरच्या ओळीवर गेलं. सुरू ७.२०. तिथे ते थांबलं. ते आता विचारतील, असं जयमालाला वाटलं. सात वीसला तू घरी होतीस. सात वीसला तुला माहीत होतं. बोट तिथून उचललं गेलं. न विचारण्याचं कसब त्या घरात दोघांनाही चांगलंच जमलं होतं.

"मला हे शाईने लिहिता येणार नाही," ते म्हणाले आणि त्या दिवसाचे दोन पूर्णांक चार वहीत उतरवून वही मिटली.

तरुण वकिलाने अर्ज केला, कोर्टाने तो मंजूर केला, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जयमालाला साक्षीला बोलावलं. धर्मराज पिंजऱ्यात उभा होता, खांदे पडलेला, नजर पायांकडे. प्रेमला दाराशी. बाकावर सुधीरराव आणि त्यांच्या शेजारी, सोबत म्हणून आलेल्या अरुणाबाई. सुधीररावांनी दाढी केली होती.

वकिलाने विचारलं तसं तिने सांगितलं: तारखेचा नियम, पान, आकडा. कोर्टाच्या पद्धतीप्रमाणे ती बोलली की न्यायाधीश तेच आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगत आणि तो यंत्रावर बडवून काढी. मग सरकारी वकील उठले.

"तुमच्या मुलाचा मृतदेह इस्पितळात होता," ते म्हणाले. "आणि तुम्ही गच्चीवर पाऊस मोजत होतात?"

"हो."

"रडत नव्हतात?"

"नाही. मोजत होते."

बाकावर अरुणाबाईंनी तोंडावर पदर घेतला. जयमालाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"हे पान मागाहूनही लिहिता येतं," वकील म्हणाले. "घरकामाच्या गडबडीत पाऊस नेमका सात वीसला सुरू झाला, हे सव्वा वर्षानंतर तुम्ही कसं सांगता?"

"मी घड्याळ पाहून लिहिलं. घड्याळ आमच्या फोनच्या वर आहे," जयमाला म्हणाली. आता थांबायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. "माझा मुलगा पावणेआठला ऑफिसातून निघायचा. सात वीसला तो तिथेच होता. पाऊस आहे, थांब, असं मला सांगता आलं असतं. मी वेळ लिहिली आणि स्वयंपाकघरात गेले. मागाहून लिहायचं असतं तर मी आठला पाच कमी लिहिले असते. तेव्हा तो निघाला होता. मग माझ्याकडे काही दोष राहिला नसता."

सरकारी वकील खाली बसले.

न्यायाधीश टंकलेखकाकडे वळले आणि सपाट आवाजात सांगू लागले. "साक्षीदार पुढे सांगते की, तिच्या घरी फोन होता. पाऊस सुरू झाल्याचे तिला सात वाजून वीस मिनिटांनी समजले. त्या वेळी मुलगा कार्यालयात होता. तिने फोन केला नाही." यंत्र खडखडत राहिलं आणि थांबलं. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना जयमालाने एका हाताने कठडा धरला. बाकावर सुधीरराव अर्धवट उठले होते, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

"आणखी काही सांगायचं आहे का?" न्यायाधीशांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"त्याने रेनकोट नेला नव्हता," ती म्हणाली. "सकाळी ऊन होतं म्हणून मीच म्हटलं, राहू दे. हेही लिहा."

"बाई, त्याचा या केसशी संबंध नाही."

"नाही," जयमाला म्हणाली. "तरी लिहा."

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा काढला, परत लावला. "लिहा," ते टंकलेखकाला म्हणाले. "मुलाने रेनकोट नेला नव्हता." तेवढे चार शब्द उमटायला लागला तितका वेळ ती ताठ उभी राहिली. मग तिला हुंदका फुटला, आणि पिंजऱ्यातला माणूस मान वर करून बघत असताना, भरल्या कोर्टात, लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरून ती मोठमोठ्याने रडू लागली.